शब्दचर्चा : विज्ञानचित्रकार, आरेखक की आणखी काही?

विचारणा : सोलापूर परिसरातील डाळिंब बागायतदारांसाठी आम्ही एक माहितीपुस्तिका तयार करीत आहोत. तिच्यातील फुलांचे उभे छेद, फळावरील रोगाची लक्षणे आणि ठिबक संचाच्या जोडणीची चित्रे एकाच व्यक्तीने काढली आहेत. श्रेयनामावलीत त्यांच्या नावापुढे ‘शास्त्रीय चित्रकार’ लिहावे की ‘आरेखक’?

प्रतिसाद : ‘शास्त्रीय चित्रकार’ टाळावे, असे माझे मत आहे. ‘वनस्पतीचे शास्त्रीय नाव’ म्हटले की घोटाळा होत नाही, कारण तेथे संदर्भ वनस्पतिशास्त्राचा असतो. परंतु हेच विशेषण एखाद्या कलेला लागले की मराठी वाचकाला शास्त्रीय संगीत आणि शास्त्रीय नृत्य आठवते, आणि ही व्यक्ती जुन्या परंपरेतील चित्रे काढते असा समज होतो. ‘वैज्ञानिक चित्रकार’मध्ये वेगळी अडचण आहे, कारण ‘वैज्ञानिक’ हे नामही असल्याने चित्रे काढणारा एखादा वैज्ञानिकच डोळ्यांसमोर येतो.

‘आरेखक’ हा शब्द मात्र रुळलेला आहे. सरकारी पदांच्या जाहिरातींत आरेखक आणि अनुरेखक ही दोन्ही पदे दिसतात. पहिला मोजमापांवरून नकाशा किंवा आराखडा तयार करतो, तर दुसरा तयार रेषांवर पारदर्शक कागद ठेवून त्या उतरवतो. ठिबक संचाच्या जोडणीपुरता हा शब्द चपखल बसतो, पण डाळिंबाच्या फुलाला तो अपुरा पडतो.

डाळिंबाच्या झाडावर नरफुले आणि उभयलिंगी फुले अशी दोन्ही येतात. नरफूल घंटेसारखे असते, त्यातील कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, आखूड राहतो आणि ते गळून जाते. फळ धरणारे फूल बुडाशी फुगीर असते आणि त्याची कुक्षी, म्हणजे त्या दांड्याचे टोक, पुंकेसरांच्या (पराग देणाऱ्या केसरांच्या) पातळीला किंवा त्यांच्याही वर पोहोचते. हा फरक दाखवायचा तर दोन्ही फुले नेमकी मधोमध उभी कापून, एकाच प्रमाणात, शेजारी शेजारी काढावी लागतात. पुंकेसरांची इतकी दाटी असते की प्रत्येक केसर काढला तर कुक्षी त्यांत हरवते, म्हणून काही केसर गाळावेच लागतात, आणि कोणते गाळायचे हे ठरवायला वनस्पतीची रचना कळावी लागते. तेल्या रोगाचेही तसेच आहे. छायाचित्रात एकाच फळावरचे डाग दिसतात, त्यांत धूळ आणि ओरखडेही आलेच. चित्रकार मात्र अनेक फळे पाहून तेलकट डाग आणि त्यांतून फुटणारी तारेच्या आकाराची भेग एवढेच नेमके पुढे आणतो.

म्हणून ‘विज्ञानचित्रकार’ हा शब्द मी सुचवीन. ‘व्यंगचित्रकार’ आपण सहज म्हणतो, त्याच घडणीचा हा शब्द आहे आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो.

जाता जाता एक सूचना. शाळेतल्या ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ या वाक्यामुळे आपण सगळ्यालाच ‘आकृती’ म्हणतो, पण सावलीसह काढलेल्या फळाला ‘चित्र’ आणि छेदाला ‘आकृती’ म्हटले तर पुस्तिकेत संदर्भ देणे सोपे जाईल. चित्राखाली ‘दहा पट मोठे’ असे लिहू नये. छपाईत चित्र लहान-मोठे झाले की तो आकडा खोटा ठरतो. त्याऐवजी चित्रातच प्रमाणरेषा, म्हणजे ठरावीक लांबी दाखवणारी रेघ, काढावी, ती चित्राबरोबरच आक्रसते किंवा वाढते.

पुढील प्रतिसाद : वरील मत पटले. मात्र सोलापुरात चादरीचे डिझाइन ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढणाऱ्यालाही हाच शब्द लागू करावा काय? त्याचेही काम बिनचूक असते. एक चौकोन चुकला तर जकार्डच्या (मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्रणेच्या) पुठ्ठ्याच्या पत्त्यावर छिद्र चुकीच्या जागी पडते, नको तो ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो आणि तो दोष नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत उमटतो.

प्रतिसाद : मी करणार नाही. ग्राफमधला चौकोन धागा उचलायचा की नाही एवढेच सांगतो, म्हणजे ती मागाला दिलेली सूचना आहे आणि तिचे नाते आरेखनाशी अधिक जवळचे आहे. विज्ञानचित्र मुळात असलेल्या वस्तूवरून काढले जाते. ग्राफ आधी तयार होतो आणि चादर नंतर. शिवाय त्या कामाला कारखान्यांत ‘डिझायनर’ हा शब्द पक्का बसला आहे, तो हलवण्याचे कारण मला दिसत नाही.