रविवार संपल्यावर: ख्रिस्ती विश्वास आणि रोजचं जगणं (अनुभव धागा)

तिसरा बाक
नमस्कार मंडळी. साक्षी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगणं, आपण पुष्कळ ऐकतो. आजार बरा झाला, नोकरी लागली, अडलेलं काम सुटलं. त्या खोट्या असतात असं नाही, पण या धाग्यावर त्या नकोत. विश्वासापायी तुम्ही किंवा तुमच्या ओळखीतल्या कुणी एखादी गोष्ट वेगळी केली, आणि ती करताना खिशाला, वेळेला किंवा अहंकाराला झळ बसली, असं काही असेल तर लिहा.

माझ्या डोक्यात बायबलमधला जकातदार जक्कय आहे. येशू घरी उतरला म्हणून त्याने स्तोत्र गायलं नाही, थेट आकड्यांत बोलला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट (लूक 19:8). केलेला अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच मोशेचं नियमशास्त्र सांगत होतं (गणना 5:7). ‘आज या घराला तारण (म्हणजे उद्धार) मिळालं’ हे येशू म्हणाला ते त्यानंतर.

जमाखर्च
मी हिशेब खात्यात आहे. एका ग्राहकाकडून एकाच बिलाचे पैसे दोनदा जमा झाले. साहेब म्हणाले, “त्यांच्या लक्षात आलं की मागतील, तोवर राहू द्या.” त्यांना यात काही गैर वाटत नव्हतं, आणि बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. मी म्हटलं, “सर, मी कळवते त्यांना. तुमचं नाव कुठे येणार नाही.” कळवलं, पैसे परत गेले.

पुढे बढती मिळाली, साहेबांचं मन पालटलं, असलं काही झालं नाही. उलट काही बैठकांना मला बोलावणं बंद झालं. ऑफिसात मी येशूचं नाव कधी काढलेलं नाही. टेबलावर वचनांचं कॅलेंडर आहे फक्त, आणि त्याच्यासमोर बसून चुकीची नोंद तशीच ठेवणं जड जातं.

निरीश्वर
धागा फक्त ख्रिस्ती लोकांसाठी असेल तर हा प्रतिसाद उडवा. मी कुठल्याच देवाला मानत नाही.

आमच्या विभागातल्या एकाने वरिष्ठांसमोर सांगितलं होतं की मी दुसऱ्यांचं काम स्वतःच्या नावावर खपवतो. साफ खोटं होतं, पण चिकटलं. लोक मला कामं देताना दहादा विचार करू लागले. बऱ्याच काळाने तो माझ्याकडे आला आणि त्याने माफी मागितली. मी म्हटलं, “जाऊ दे रे, झालं गेलं.” तो जाऊ देईना. तीच माणसं पुन्हा बैठकीला जमली तेव्हा उभा राहून म्हणाला, “मी याच्याबद्दल बोललो ते खोटं होतं. याची जागा मला हवी होती.” सगळे अवघडून गेले. सर्वांत जास्त मी.

नंतर विचारलं, एवढं कशाला? तो कॅथलिक आहे. म्हणाला, पापनिवेदन केलं, पण फादरांनी तेवढ्यावर सोडलं नाही. चोरलेले पैसे परत करायचे, तशी घालवलेली अब्रूही परत करायची. मला वाटलं हे त्या फादरांचंच डोकं. मग मुद्दाम शोधलं. कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात, 1459 क्रमांकाच्या परिच्छेदात, हेच आहे: शेजाऱ्याचं झालेलं नुकसान शक्य तेवढं भरून द्या. उदाहरणांत चोरीचा माल आणि बदनामी शेजारी शेजारी ठेवलीत.

देवावर माझा विश्वास यानेही बसला नाही. त्याने दिलेले आकडे मात्र मी आता तपासत बसत नाही.

रानवाट
धागा छान आहे, पण एक खटकतंय. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही (इफिस 2:8-9). इथे तर सगळी कर्मांचीच यादी चाललीय. नियम काटेकोर पाळणारे परूशीही दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चोख देत होते.

तिसरा बाक
@रानवाट, पुढचं दहावं वचनही वाचा ना: सत्कृत्यांसाठीच आपण निर्माण झालो, असं ते पत्र लिहिणारा पौल लगेच म्हणतो. कृपेवर सर्वांत जास्त भर देणाऱ्या, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरची गंमत बघा. 1522 च्या नव्या कराराच्या जर्मन भाषांतरात त्याने याकोबाच्या पत्राला, म्हणजे ‘कर्मांवाचून विश्वास निर्जीव’ म्हणणाऱ्या पत्राला, पेंढ्याचं पत्र म्हणून हिणवलं. आणि त्याच नव्या कराराच्या रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहिलं की विश्वास जिवंत, कामसू असतो, चांगलं केल्यावाचून त्याला राहवतच नाही. याकोब याहून वेगळं काय म्हणत होता? असो, हा वाद इथे नको. अनुभव येऊ द्या.

उंबरठा
माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. त्या मला चोर म्हणतात. रोज. त्यांचे दागिने मी लपवलेत, अशी त्यांची खात्री आहे. लोक म्हणतात, प्रभूने तुला किती प्रेम दिलंय! प्रेम वगैरे रोज वाटत नाही हो. बऱ्याचदा चीड येते. मग बाथरूमचा नळ सोडून दोन मिनिटं नुसती ‘प्रभू, दया कर’ म्हणते आणि बाहेर येऊन त्यांचे केस विंचरते.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू होते. वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात राबले, मुळात ते काम त्यांना आवडत नसताना. भांड्यांच्या खडखडाटातही आपण प्रार्थनेतच आहोत, असं ते सांगत. मला त्यांच्याइतकी शांती लाभलेली नाही. पण न आवडणारं काम करणारा संत असू शकतो, एवढ्यानेच बरं वाटतं.

जुनी वही
मी चर्च सोडलंय. आमच्याकडे सर्वांत लांब प्रार्थना करणारे गृहस्थ घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार थकवत. याकोब 5:4 कुणी त्यांना वाचून दाखवलं नाही. मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते, असं त्यात आहे. दुसऱ्या बाजूला, चर्चची झाडलोट करणारे एक काका. प्रार्थनेत कधी तोंड उघडलं नाही त्यांनी. पण मी जाणं बंद केल्यावर घरी चौकशीला आले ते एकटेच. ‘परत ये’ म्हणाले नाहीत. तब्येत विचारली आणि गेले. अजून येतात.

चिमणी
वरचं वाचून लिहावंसं वाटलं.

आमचं बाळ वाचलं नाही. पुष्कळांनी प्रार्थना केल्या होत्या, उपास केले होते. नंतर भेटायला येणाऱ्यांत ‘देवाची योजना असेल’ म्हणणारे होते, आणि एकाने तर तुमचा विश्वास कमी पडला असंही सुचवलं. नवऱ्याने त्याला दाराबाहेर घालवलं, ते मला आजही योग्य वाटतं. बायबलमधल्या ईयोबाने मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी शब्द काढला नाही (ईयोब 2:13). तोंड उघडलं तिथून सगळं बिघडलं, आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर.

मंडळीतल्या एक मावशी मात्र यायच्या, मळके कपडे गोळा करून घेऊन जायच्या, धुऊन घड्या करून आणून द्यायच्या. वचन नाही, उपदेश नाही. एकदा मी त्यांच्यावर ओरडले, “देवाने काय केलं माझ्यासाठी?” त्या म्हणाल्या, “मला नाही माहीत गं,” आणि चादरी काढायला लागल्या.

मी प्रार्थना करते की नाही, हे अजून मला धड सांगता येत नाही. पण गल्लीत कुणाकडे काही झालं की मी मळके कपडे मागायला जाते. लोकांना आधी विचित्र वाटतं. देतात.