नातवंडांना ठाण्याच्या आसपासचं जुनं काय काय दाखवू? (माझे गुडघे दुखतात, मोठी चढण नको)

नौपाड्याची आजी
नमस्कार मंडळी. लेकीची दोन्ही मुलं दिवाळीच्या सुट्टीत बंगळुरूहून येतायत, नातू ९ वर्षांचा आणि नात १३ची. दहा दिवस आहेत. मला मनापासून वाटतं की आपण जिथे राहतो तिथलं काहीतरी त्यांनी बघावं, तिकडे शाळेत ह्यातलं काहीच कानावर पडत नाही. पण मागच्या मे महिन्यात एका किल्ल्यावर घेऊन गेले तर पार विचका झाला. अकरा वाजता पोचलो, ऊन मी म्हणत होतं, पाणी दोनच बाटल्या, आणि मी मोबाईलमधून माहिती वाचून दाखवत बसले, कुठल्या साली कोणी घेतला मग कोणी घेतला. नातू रडायलाच लागला आणि नात म्हणाली आजी आपण घरी जाऊया का. रात्री झोप नाही लागली मला. ह्या वेळी तसं व्हायला नको. ठाणे, कळवा, नवी मुंबई, फार तर लोकलने तासाभरात असं कुठे नेऊ? चार पायऱ्या चढेन मी, डोंगर नाही जमणार.

कल्याणकर
काकू, सगळ्यात आधी अंबरनाथचं शिवमंदिर, डोळे झाकून. ठाण्याहून अंबरनाथ किंवा बदलापूर लोकल पकडा, पूर्वेला उतरा आणि सरळ रिक्षा करा. सकाळी साडेसात-आठला पोचाल असं बघा, तेव्हा गर्दी नसते आणि दगड थंड असतो. शिलाहार राजांच्या काळातलं देऊळ, शके ९८२ म्हणजे १०६०चा शिलालेख आहे, त्यात मांबाणी राजाचं नाव येतं. आपले इतिहासवाले त्यालाच मुम्मुणी म्हणतात. पण हे सगळं तिथे सांगू नका, घरी येऊन सांगा. तिथे गेल्यावर मुलांना फक्त बाहेरच्या भिंतीच्या खालच्या पट्ट्यातले हत्ती शोधायला लावा. माझ्या मुलाने पाऊण तास हत्ती मोजले होते, प्रत्येकाची सोंड वेगळी म्हणून भांडत होता माझ्याशी. आणि गाभारा खाली आहे, सभामंडपातून पायऱ्या उतरून जावं लागतं, वर बघितलं की शिखराच्या जागी सरळ आकाश दिसतं. ते बघून मुलं गप्पच होतात. तुम्हाला उतरताना हात धरायला कोणीतरी लागेल, पायऱ्या ओल्या आणि गुळगुळीत असतात. महाशिवरात्रीला मात्र चुकूनही नको, तिथे जत्रा असते.

शेजारून वालधुनी वाहते, तिची अवस्था बघून वाईट वाटतं, मुलांनी विचारलं तर खरं काय ते सांगून टाका.

टेंभीनाक्याचा बंड्या
आजी, नौपाड्यात राहून अंबरनाथला आधी कशाला, घराबाहेर पडलं की सुरुवात आहे! जांभळी नाक्याला कोपिनेश्वर. पिंडी बघायला न्या फक्त, जवळजवळ तुमच्या नातवाएवढी उंच आहे, बाकी देवळात एवढीशी पिंडी बघितलेली पोरं चकित होतात. आत्ताचं देऊळ १७६०च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलं, जागा मात्र त्याच्याही कितीतरी आधीची. बाहेर आलात की मासुंदा तलाव, तिथेच जुनं पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च. आणि टेंभी नाक्याच्या परिसरात ज्यूंचं शार हशामायिम सिनेगॉग, १८७९चं. इथले ज्यू म्हणजे बेने इस्रायल लोकं घरात मराठी बोलणारी, कोकणात तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे सांगितलं की मुलांना गंमत वाटते. आत जायचं असेल तर आधी विचारून जा, प्रार्थनेची जागा आहे ती. देऊळ, चर्च, सिनेगॉग, सगळं पायी पायी, मधे कुठेतरी मिसळ खा.

आणि नातू ट्रेनवेडा असेल तर त्याला सीएसएमटीहून स्लो लोकलने ठाण्याला आणा आणि घड्याळ लावायला सांगा. १६ एप्रिल १८५३ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून (आत्ताचं सीएसएमटी) दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटली, १४ डबे, ४०० माणसं, साहिब सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आणि ३४ किलोमीटर ५७ मिनिटांत ठाणं! एवढं एकच सांगा, बाकी तो स्वतः विचारेल.

वैशाली_खारघर
मी जरा वेगळं सांगते. ९ वर्षांच्याला हत्ती आणि ट्रेन ठीक आहे पण १३ वर्षांच्या मुलीला हे बालिश वाटेल. माझी पुतणी तेवढीच होती तेव्हा मी तिला ठाणे जेलच्या तटाशी नेलं. तो मूळ पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, १७३७मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला, पुढे इंग्रजांनी तुरुंग केला. आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच तट बघायचा. पण तिथे उभं राहून सांगितलं की नाशिकचा कलेक्टर जॅक्सन ह्याच्या खुनाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ह्यांना १९ एप्रिल १९१०ला इथे फाशी दिली आणि कान्हेरे तेव्हा १८ वर्षांचे होते. ती घरी येईपर्यंत काही बोलली नाही, मग रात्री दोन तास प्रश्न विचारत होती. मोठ्या मुलांपासून अशा गोष्टी लपवू नयेत असं माझं ठाम मत.

आमच्या बाजूचं म्हणाल तर बेलापूरचा किल्ला, सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे सगळे हात लागलेला, आता अवशेष थोडेच उरलेत, पण बुरूज बघायला मिळतो. चिमाजी अप्पांनी बेलाच्या पानांचा हार वाहायचा नवस केला म्हणून बेलापूर, अशी गोष्ट सांगतात. त्यासाठी ठाण्याहून मुद्दाम यावं एवढं नाही पण, इकडे आलातच तर बघा. त्यापेक्षा पनवेलजवळ शिरढोणला जा, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव, १८४५चा जन्म. त्यांचा वाडा आहे. मुलांना एक साधं घर बघायला मिळतं की ह्यातून असा माणूस बाहेर पडला आणि एडनच्या तुरुंगात गेला.

ऐरोलीकर
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी कोणी सुचवायच्या आत सांगतो, सोमवारी उद्यान बंद असतं. आणि काकू, तिथे पायऱ्या फार आहेत, तुम्ही खालच्या मोठ्या चैत्यापर्यंतच जा, मुलांना वर आईबाबा घेऊन जातील. शंभरावर लेणी आहेत, सगळी बघायच्या नादी लागू नका. बहुतेक लेण्यांबाहेर पाण्याचं टाकं आहे, तिथल्या लेखांत त्याला पोढी म्हटलंय, पावसाचं पाणी कोरलेल्या पन्हाळीतून कसं आत येतं ते बोट फिरवून दाखवा. मी पाणीखात्यात नोकरी केली, मला स्वतःला त्यात जेवढं शिकायला मिळालं तेवढं कुठे नाही मिळालं. माकडांपासून खाऊच्या पिशव्या सांभाळा, टोपी आणि माणशी एक लिटर पाणी न्याच.

नौपाड्याची आजी
सगळ्यांचे खूप आभार, आज मुलं येऊन सातवा दिवस, काय काय झालं ते लिहिते.

अंबरनाथला पहिल्याच लोकलने गेलो. मी एक अक्षर बोलले नाही, आधी ठरवूनच गेले होते. नातवाने हत्ती शोधले, एकाचं तोंड पूर्ण झिजलंय, तिथे नुसता गोल खड्डा उरलाय, त्याने त्यात अंगठा घालून बघितला आणि म्हणाला आजी हे पावसाने केलं की लोकांनी? मला उत्तर देता आलं नाही, दोघांनी मिळून विचार करत बसलो. गाभाऱ्यात मी तीनच पायऱ्या उतरले, नातीने हात धरला होता. खाली गारवा आणि ओल्या दगडाचा वास, वर चौकोनी आकाश. ती खाली जाऊन उभी राहिली आणि मान वर करून किती वेळ तशीच.

स्लो लोकलला ६१ मिनिटं लागली! नातू म्हणतो ती जुनी गाडी आपल्यापेक्षा फास्ट होती, आता तो शेजारच्या सगळ्यांना सांगत फिरतोय. मी सांगितलं की तेव्हा मधे एवढी स्टेशनं नव्हती, पण त्याला ते मान्य नाही.

वैशालीताई, जेलच्या तटाशी नातीला नेलं. तुमचं म्हणणं पटलं मला. तिने एवढंच विचारलं की कान्हेरेंची आई कुठे होती तेव्हा. आम्ही दोघी मासुंदाच्या तलावपाळीवर बसलो होतो नंतर, आइस्क्रीम तिने अर्धं टाकून दिलं. घरी येऊन तिने स्वतः शोधून वाचलं सगळं.

परवा शिरढोणचं ठरलंय. पनवेल स्टेशनहून रिक्षा जाते का की एसटीच बघावी लागेल, आणि वाड्याला जिना आहे का तेवढं कोणी सांगाल का?