शब्द हवाय: ॲपमधलं ‘बॅक’ आणि ‘अप’

(आधी एकाचा प्रश्न, मग इतरांची उत्तरं. * आला की बोलणारा बदलला.)

एका ॲपच्या मराठीकरणाचं काम करतोय. ॲप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे चालतं, पण माझ्याकडे आलेली फाइल एकच. स्क्रीन बघायला मिळाले नाहीत, नुसती शब्दांची यादी. त्यात एका ओळीत ‘बॅक’, तिच्याखाली ‘अप’. पहिल्याला ‘मागे’ लिहिलं, दुसऱ्याला ‘वर जा’, आणि पुढच्या ओळीकडे वळलो.

चाचणीच्या दिवशी स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज) लावून फोन हातात घेतला. वरच्या कोपऱ्यातल्या बाणावर बोट ठेवलं. बाणाचं तोंड डावीकडे आणि आवाज म्हणतो, ‘वर जा’. ज्याला बाण दिसतोय त्याचं काही अडत नाही. ज्याची सगळी मदार कानावर आहे, तो बिचारा यादी वर सरकायची वाट बघत बसेल.

तर प्रश्न दोन आहेत. या ‘अप’ला काय म्हणावं? आणि टीममध्ये सारखं ऐकू येणाऱ्या ‘गाइडलाइन्स’ला ‘मार्गदर्शक तत्त्वे’पेक्षा जरा हलका शब्द आहे का? ते म्हटलं की मला उगाच उभं राहावंसं वाटतं.

*

आधी वस्तू समजून घेऊ, मग शब्द. मी अँड्रॉइडचं काम करते.

‘बॅक’ म्हणजे तुम्ही ज्या क्रमाने आलात त्याच्या उलट क्रमाने जाणं. ‘अप’ म्हणजे ॲपच्या उतरंडीत (कुठली स्क्रीन कुठल्या स्क्रीनच्या पोटात आहे त्या रचनेत) एक पायरी चढणं. ॲपमध्ये नेहमीसारखं फिरत असाल तर दोन्हींचा परिणाम एकच, म्हणून फरक कुणाच्या लक्षात येत नाही. तो दिसतो नोटिफिकेशनवरून आत शिरल्यावर. समजा तुम्ही नकाशा बघत होतात, संदेश आला, नोटिफिकेशनवर टिचकी मारून थेट तो संदेश उघडलात. आता ‘बॅक’ तुम्हाला पुन्हा नकाशावर नेऊ शकतं. ‘अप’ नेईल संदेशांच्या यादीवर. गूगलच्या संकेतानुसार ‘अप’ने कधीही ॲपच्या बाहेर काढायचं नाही, ‘बॅक’ने काढलं तर चालतं.

आयफोनवर असं फोनभर चालणारं ‘बॅक’ नाहीच. प्रत्येक ॲपने वरच्या डाव्या कोपऱ्यात आपलं बटण द्यायचं, आणि २०१३ मध्ये आलेल्या आयओएस ७ पासून डाव्या कडेवरून बोट आत ओढलं की तेच काम होतं. अँड्रॉइडवर अशा खुणा २०१९ मध्ये, अँड्रॉइड १० बरोबर आल्या, आणि तिथे डावी-उजवी दोन्ही कडा मागे नेतात. डाव्या कडेतून मेनू ओढून काढायची सवय लावलेल्या ॲपांची तेव्हा पंचाईत झाली. लोक मेनू ओढायला जायचे आणि मागच्या स्क्रीनवर पोचायचे.

त्यामुळे दोन्ही फोनांना एकच फाइल देणाऱ्यांना आधी दोन फाइली करायला सांगा.

*

‘मागे’ ठीक आहे, पण इथे ‘परत’चा मोह पडतो, तो टाळा. मराठीत ‘परत’ म्हणजे माघारीही आणि पुन्हाही. ‘परत जा’ यातलं नेमकं काय? एका फॉर्मवर मी नुसतं ‘परत’ असं बटण पाहिलंय. मला वाटलं फॉर्म पुन्हा पाठवायचाय. दाबलं तर आधीच्या पानावर, आणि भरलेलं सगळं गुल.

‘मागे’लाही काळाची छटा आहेच (‘मागे एकदा बोललो होतो’), पण ती इथे पथ्यावर पडते. ‘बॅक’ हा काळाचाच उलटा क्रम आहे ना? ‘माघारी’ अर्थाला सगळ्यात नेमका. पण बटणावर तो लढाईतून पळ काढल्यासारखा दिसतो.

‘अप’चं भाषांतरच करू नका, असं माझं मत. उतरंड बनवणाऱ्याच्या डोक्यात असते, वापरणाऱ्याच्या नाही. बटण कुठे नेतं ते सांगा. ‘संदेशांच्या यादीकडे’. बस.

*

‘कुठे नेतं ते सांगा’ हे म्हणायला सोपं आहे. बऱ्याचदा कोडमध्ये साचा असतो: रिकामी जागा आणि पुढे ‘कडे’. त्या जागेत स्क्रीनचं नाव आपोआप बसतं. इंग्रजीत नाम जसंच्या तसं राहतं, म्हणून तिथे साचा खपतो. आपल्याकडे ‘संदेश’ बसवलं की ‘संदेशकडे’, ‘खाते’ बसवलं की ‘खातेकडे’. सामान्यरूप करायचं कुणी? मशीन करत नाही. नाव सुटंच ठेवा: ‘मागे: संदेश’. विभक्ती लागत नाही, व्याकरण शाबूत राहतं.

आयफोनवर तर बाणाशेजारी नुसतं आधीच्या स्क्रीनचं नाव लिहायची जुनी पद्धत आहेच. मराठीला ती फार सोयीची, कारण तिथे नामाला हात लावावा लागत नाही.

*

विषय थोडा सरकवतो, पण गोष्ट त्याच घरातली आहे. खालच्या टॅबच्या पट्टीवरचे शब्द.

ॲपलचं म्हणणं, टॅबची पट्टी हिंडण्याफिरण्यासाठी आहे, कामं करण्यासाठी नाही. मटेरियल डिझाइन या गूगलच्या डिझाइन-संकेतांमध्येही खालच्या पट्टीवर तीन ते पाच ठिकाणं असावीत असं आहे. ‘ठिकाणं’ हा शब्द महत्त्वाचा. ठिकाणाला नाव असतं, आज्ञा नसते. म्हणून तिथे ‘शोध’ हवं, ‘शोधा’ नको. आत गेल्यावर जे बटण काम करतं, त्यावर खुशाल ‘शोधा’.

याचा उलटा फायदा असा की मराठी शब्द लिहिता लिहिता डिझाइनमधली चूक सापडते. एका पट्टीवर मी ओळीने लिहीत गेलो: मुख्य पान, शोध… आणि तिसऱ्या चिन्हाला काही केल्या नाम सापडेना. मनात येत होतं ते फक्त ‘लिहा’. अर्थातच! ते ठिकाण नव्हतंच. नवा मजकूर लिहायचं बटण कुणीतरी टॅबांच्या रांगेत घुसवलं होतं. डिझाइनरला म्हटलं, याला क्रियापदच लागतंय. त्याने हसून ते पट्टीतून काढलं आणि वर वेगळं ठेवलं.

जाता जाता: ‘अधिसूचना’ पाच टॅबांच्या पट्टीत मावत नाही, ‘अधिसू…’ होऊन बसते. ‘सूचना’ मावते, पण अक्षराखाली जागा दिली नसेल तर तिचा ऊकार कापला जातो आणि उरतं ‘सचना’. हे इंग्रजीत तपासून कधीच दिसणार नाही.

*

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे ‘गाइडलाइन्स’बद्दल. ‘नियम’ नको, कारण नियम मोडला की कुणीतरी अडवतं. ॲपलकडे ती अडवणारी नियमावली वेगळी आहे, ॲप स्टोअरवर घेण्याआधी तपासतात ती. ॲप कसं दिसावं-वागावं हे सांगणाऱ्या ॲपलच्या ह्यूमन इंटरफेस गाइडलाइन्सचा सूर मुख्यतः सल्ल्याचा. त्या आयफोनच्या कितीतरी आधीच्या, १९८७ मध्ये पुस्तकरूपात छापलेल्या. मटेरियल डिझाइन २०१४ चं.

‘संकेत’ चांगला आहे, फक्त त्याला खूण, इशारा असेही अर्थ चिकटलेत. (संकेतस्थळ म्हणजे एके काळी प्रेमिकांनी भेटायची जागा. आता तिथे वीजबिल भरतात.) ‘शिरस्ता’ही चालेल, जरा कचेरीचा वास येतो इतकंच.

मला स्वतःला ‘वहिवाट’ आवडतो. व्युत्पत्ती काय असेल ती असो, कानाला त्यात वाट ऐकू येते. वहिवाटीचा रस्ता कुणी आखून दिला म्हणून होत नाही, लोक वर्षानुवर्षं चालले म्हणून होतो, आणि मग तो अडवायचा हक्क जमीनमालकालाही सहज मिळत नाही. डाव्या कडेवरून बोट ओढलं की मागे जायचं, ही आयफोनवाल्यांची वहिवाट. तुमच्या ॲपने तिथे फोटोंची सरकपट्टी ठेवली तर तुम्ही रस्त्यात कुंपण घातलंत.

*

‘वहिवाट’ गोड आहे, पण कंपनीच्या कागदपत्रात लिहिलात तर कायदा विभागातून फोन येईल. तिथे ‘संकेत’च ठेवा. बोलताना वहिवाट म्हणा.

*

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो. फाइली दोन करून घेतल्या. आयफोनच्या फाइलीत ‘अप’ची ओळ नाहीच, ती तिथे चुकूनच आली होती. अँड्रॉइडमध्ये डोळ्यांना नुसता बाण, कानाला ‘मागे: संदेश’. शेवटी काल पुन्हा रीडर लावला. बाणावर बोट ठेवल्यावर जे ऐकू आलं, तिथेच पोचलो.

कागदपत्रात ‘संकेत’ घातलंय. तोंडी वहिवाट सुरू झालीये, डिझाइनरसुद्धा म्हणायला लागलाय.

एक राहिलं. ‘नॅव्हिगेशन ड्रॉवर’ला (कडेतून ओढून काढतात त्या मेनूला) ‘खण’ चालेल का?

*

चालेल की. पण तो शब्द वापरणाऱ्याला दिसतो कुठे? त्याला तीन आडव्या रेघा दिसतात, आणि त्यांना ऐकू येणारं नाव ‘मेनू’ आहे. खण तुमच्या टीमपुरता.