चढावर गाडी मिसिंग मारते : दोष कॉइलचा, प्लगचा की सीएनजी किटचा?

सातारारोड :

नमस्कार. माझ्याकडे १.२ लिटरची, चार सिलेंडरची, कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली बीएस-६ गाडी आहे. ती मी वापरलेली घेतली असून आतापर्यंत तिचे सुमारे ६२,००० किलोमीटर रनिंग झाले आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ सुरू झाला आणि चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की गाडी हिसके देऊ लागते, पिकअप पडतो आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागतो. गिअर उतरवला की हिसके कमी होतात आणि दिवा स्थिर होतो. सपाट रस्त्यावर त्रास फारसा जाणवत नाही, आयडलला मात्र अधूनमधून हलकी थरथर असते. हे सगळे सीएनजीवर ठळकपणे होते. पेट्रोलवर टाकली की जवळजवळ थांबते. पावसाळा सुरू झाल्यापासून, विशेषतः वॉशिंगला इंजिनावर पाणी मारल्यानंतर, त्रास वाढला आहे.

एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०३०२ हा कोड आला. त्यांनी गॅसचा फिल्टर बदलला, फरक पडला नाही, आणि आता रिड्यूसर (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणारा भाग) व गॅसचे इंजेक्टर बदलावे लागतील असे ते म्हणतात. दुसऱ्या ठिकाणी चारही कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज पुरवणारे भाग) बदला असे सांगितले. दोन्ही खर्च मोठे आहेत आणि दोघांपैकी कोणीही आपल्या निदानाचा पुरावा दाखवलेला नाही. सिलेंडरमध्ये ठिणगी पाडणारे प्लग याआधी कधी बदलले याची नोंद माझ्याकडे नाही. सुटे भाग विकत घेण्यापूर्वी दोष नेमका कशात आहे हे खात्रीने कसे ठरवावे, आणि तोवर गाडी चालवावी का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

मिरजेचा फिटर :

आधी आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते तातडीचे आहे. दिवा स्थिर असेल तर दोषाची नोंद झाली आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. पण तो लुकलुकत असेल, तर त्या क्षणी इतके मिसफायर (सिलेंडरमध्ये ज्वलन चुकणे) होत आहेत की न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, पेटते आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. म्हणून दिवा लुकलुकला की पाय लगेच उचला, गिअर उतरवा, आणि दुरुस्ती होईपर्यंत घाटाचा प्रवास टाळा. कन्व्हर्टरचा खर्च चार प्लग आणि चार कॉइलच्या एकत्रित खर्चापेक्षाही कितीतरी जास्त असतो.

आता कोडविषयी. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलेंडरमध्ये ज्वलन चुकते आहे, यापलीकडे त्यात काहीही नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, ठिणगी दिसत नसते. क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरून तो फिरण्याचा वेग मोजत असतो आणि दुसऱ्या सिलेंडरच्या पॉवर स्ट्रोकला जो जोर मिळायला हवा तो मिळाला नाही, हे त्या वेगातल्या घसरणीवरून त्याला कळते. ठिणगी नसो, इंधन नसो वा कॉम्प्रेशन नसो, कोड तोच येतो. कॉइलच्या सर्किटसाठी पी०३५२ हा वेगळा कोड आहे खरा, पण तो न येणे म्हणजे कॉइल निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. कॉइलच्या रबरी बूटमधून (प्लगवर बसणाऱ्या टोपणातून) प्लगऐवजी इंजिनाच्या हेडकडे विजेची गळती होत असेल, तर बहुतेक गाड्यांच्या ईसीयूला ती कळतच नाही.

आपण सांगितलेली लक्षणे मला इग्निशनकडे, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेकडे, बोट दाखवणारी वाटतात. प्लगच्या गॅपमध्ये ठिणगी पडण्यासाठी लागणारे व्होल्टेज सिलेंडरमधल्या दाबाबरोबर वाढते. चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलेंडरमध्ये हवा भरगच्च भरते आणि नेमकी तिथेच ठिणगीची खरी परीक्षा होते. सीएनजीला पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते, त्यामुळे कमकुवत झालेली ठिणगी पेट्रोलवर कशीबशी निभावते आणि गॅसवर उघडी पडते. म्हणून ‘पेट्रोलवर बरी चालते, त्या अर्थी दोष किटमध्येच’ हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. याउलट आयडलला जोरात असलेले मिसिंग रेस दिल्यावर विरून जात असते, तर मी आधी इनटेकमध्ये हवेची गळती शोधली असती.

खात्री करायची तर भाग विकत न घेता भागांची जागा बदला. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, दुसऱ्या सिलेंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवा. वायरिंगचे कपलर मात्र ज्या सिलेंडरचे त्याच सिलेंडरवर राहिले पाहिजेत. स्कॅनरने कोड पुसा आणि गाडी सीएनजीवर, तशाच चढावर, तशाच गिअरमध्ये चालवून पाहा. त्रास जाणवताच पाय उचला, कोड नोंदला जाण्यापुरता भार पुरे होतो. कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला आणि पुरावा हातात आला. पी०३०२ तसाच राहिला, तर मग प्लगची अदलाबदल करा. कॉइल आणि प्लग एकाच वेळी हलवू नका, नाहीतर कोड सरकूनही काही सिद्ध होणार नाही. दोन्ही निर्दोष ठरले तरच इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळा. सीएनजी गाडीत टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) हाही तपासून घ्यावा, कारण गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजत जाते, क्लिअरन्स कमी होतो आणि व्हॉल्व्ह नीट मिटेनासा होतो.

ओहम्स_नाशिक :

वरचा क्रम योग्यच आहे. पुढची तपासणी करताना हमखास फसगत होते अशा काही जागा आहेत, त्यांबद्दल लिहितो.

मल्टिमीटर लावून कॉइलचा रेझिस्टन्स मोजला आणि तो ठीक आला म्हणून कॉइल पास केली, असे बऱ्याचदा होते. दोन पिनांच्या साध्या कॉइलमध्ये या मापाला थोडाफार अर्थ आहे. तीन किंवा चार पिनांच्या कॉइलमध्ये आतच इग्नायटरचे (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारे) सर्किट असते, आणि तिथे बाहेरून मोजलेल्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. शिवाय वाइंडिंगमधली बारीक चीर किंवा कमजोर झालेले इन्सुलेशन थंड असताना लपून राहते आणि इंजिन तापल्यावर दगा देते. त्यामुळे मीटरने नापास केलेली कॉइल खराब असते हे खरे, पण मीटरने पास केलेल्या कॉइलवर विसंबून राहू नये.

प्लग बाहेर काढून, हेडला टेकवून, स्टार्टर मारून ठिणगी पाहण्याची जुनी पद्धतही इथे पुरेशी नाही. उघड्या हवेत दाब कमी असल्याने मरगळलेली कॉइलसुद्धा ठिणगी दाखवते, आणि तीच कॉइल कॉम्प्रेशनखाली हार मानते. कॉइल प्लगपासून सुटी ठेवून स्टार्टर मारणे तर टाळलेच पाहिजे, कारण ठिणगीला वाट मिळाली नाही की ते व्होल्टेज कॉइलच्याच आत फुटते, आणि हाताला बसणारा झटका हजारो व्होल्टचा असतो. तपासायचेच असेल तर गॅप कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर वापरावा.

तिसरी जागा स्कॅनरवरच्या फ्युएल ट्रिमची, म्हणजे ईसीयू इंधन किती वाढवतो वा कमी करतो त्या आकड्याची. ठिणगी पडली नाही की त्या सिलेंडरमधला ऑक्सिजन न जळता एक्झॉस्टमध्ये येतो आणि तिथल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटते की मिश्रणात इंधन कमी आहे. मग ईसीयू इंधन वाढवतो, ट्रिम अधिककडे झुकतो, आणि तो आकडा पाहून मेकॅनिक इंजेक्टर किंवा गॅसचा रिड्यूसर बदलायला सांगतो. आपल्या बाबतीत असे झाले असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

प्लगकडे दुर्लक्ष करू नका. निकेलचे साधे प्लग असतील तर ६२,००० किलोमीटर हे त्यांच्यासाठी फार झाले. गाडीच्या पुस्तिकेत त्यांची मुदत सहसा याच्या बरीच आधी संपते. इलेक्ट्रोड झिजला की गॅप वाढतो, वाढलेल्या गॅपसाठी कॉइलला दर वेळी अधिक व्होल्टेज उभे करावे लागते आणि त्या ताणाने तिचे इन्सुलेशन फुटते. झिजलेल्या प्लगवर नवी कॉइल बसवली, तर तिचीही तीच गत होते.

कोकणगाडी :

पावसाळा आणि वॉशिंग यांचा आपण केलेला उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. कॉइल उपसताना प्लगच्या खड्ड्यात आधी टॉर्च मारून पाहावे. तिथे पाणी किंवा गंज असेल, तर वरच्या रबरातून पाणी झिरपते आहे. ऑइल असेल, तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग किंवा प्लगच्या नळीचे सील गेले आहे. ऑइलने बूटचे रबर फुगून मऊ पडते. खड्ड्यातला कचरा हवेने उडवूनच प्लग सोडावा, अन्यथा तो थेट सिलेंडरमध्ये पडतो.

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसली, तर ती विजेच्या गळतीची वाट आहे, आणि बूटच्या आतल्या भिंतीवर तिची जोडीदार रेघ बहुधा सापडतेच. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदलावेत, कारण एकावर राहिलेली रेघ दुसऱ्या नव्या भागालाही खराब करते. याउलट चिनी माती धातूला मिळते तिथे गोलाकार तपकिरी डाग असेल, तर त्याची काळजी करू नये. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, एवढेच. तो डाग पाहून ‘प्लगमधून गॅस लीक आहे’ असे सांगणारे भेटतात. कपलरजवळ वायर उंदरांनी कुरतडली आहे का, हेही पाहावे.

सातारारोड :

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभारी आहे. घराजवळच्या एका फिटरला सोबत घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि सीएनजीवर गाडी कात्रजच्या चढाला नेली. हिसके आले आणि कोड पी०३०३ निघाला. त्यानंतर प्लग काढले. दुसऱ्याच्या खड्ड्यात गंजाचा थर होता, त्या प्लगच्या चिनी मातीवर काळी रेघ स्पष्ट दिसत होती आणि सरकवलेल्या कॉइलच्या बूटमध्येही तशीच रेघ होती. फिलर गेजने मोजले तेव्हा चारही प्लगचा गॅप १.३ मिलिमीटरच्या वर निघाला. पुस्तिकेत कमाल १.१ दिला आहे. आता चारही कॉइल बदलाव्यात का, आणि कन्व्हर्टरला इजा झाली असेल तर ती कशी ओळखावी?

मिरजेचा फिटर :

पुरावा स्वच्छ आहे. प्लग चारही बदला, कारण चारही सारखेच झिजले आहेत, आणि सीएनजीसाठी पुस्तिकेत जो क्रमांक आणि गॅप दिला आहे तोच घ्या. कॉइल मात्र दोषी असलेली एकच बदला. बूट सुटा मिळत असला तरी कॉइल बराच काळ ताणाखाली चालली आहे, म्हणून ती अख्खी बदलणे मला योग्य वाटते. दुसऱ्या सिलेंडरवर सध्या जी कॉइल आहे, तिचा बूट त्या रेघ उमटलेल्या प्लगवर चालला आहे, त्यामुळे तो आतून उजेडात नीट पाहा, आणि उरलेल्या दोघींचे बूटही तपासा. चिरा किंवा रेघा नसतील, तर त्या तिघी राहू द्या. बूटच्या तोंडाशी आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या, खड्ड्यातला गंज साफ करा आणि कॉइलच्या वरच्या रबराचे तोंड नीट बसते का ते पाहा. ते फाटले असेल तर पुढच्या पावसात पुन्हा पाणी उतरेल.

प्लग हाताने फिरवतच बसवा. आटे सरळ धरले आहेत याची खात्री झाल्यावरच पान्हा लावा. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने पुस्तिकेतल्या टॉर्कपेक्षा अधिक आवळू नये. टॉर्क रेंच नसेल, तर वॉशर असलेला नवा प्लग हाताने घट्ट बसल्यावर पान्ह्याने साधारण अर्धा फेरा पुरतो.

कन्व्हर्टरसाठी तीन गोष्टी पाहा. इंजिन थंड असताना त्याच्या कवचावर रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आत खडखड झाली, तर जाळी तुटली आहे. मिसिंग पूर्ण बंद होऊनही वरच्या आरपीएमला गाडी गुदमरत असेल, तर जाळी वितळून वाट अडली असण्याची शक्यता आहे. तिसरी गोष्ट म्हणजे पी०४२० हा कन्व्हर्टरची क्षमता घटल्याचा कोड. तो दुरुस्तीनंतर काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवल्यावरच तपासा, कारण कोड पुसल्यानंतर ईसीयूला आपली चाचणी नव्याने पूर्ण करावी लागते. सीएनजीवर एकदा खंबाटकी चढून स्कॅनर पुन्हा लावा आणि दुसऱ्या सिलेंडरच्या मिसफायरची मोजणी शून्यावर राहते का, ते इथे कळवा.