रताळं-गाजर-बीट भाजून गोडसर तोंडीलावणं, गूळ कधी घालायचा?

खादाडखाऊ: रविवारी पाहुणे आहेत, काहीतरी सोप्पं हवंय. ओव्हन किती डिग्रीला ठेवू?

मीठभाकर: २०० ला ३०-३५ मिनिटं. फोडी अंगठ्याएवढ्या कर, फडक्याने कोरड्या पूस नि ट्रेमध्ये गर्दी नको, नाहीतर वाफेवरच शिजतात मग भाजल्याची चव कुठली यायला. गूळ तुपात पातळ करून शेवटच्या १० मिनिटांत, आधी घातलास तर करपून कडू होतो. वरून लिंबू नि मिरपूड मस्ट, नुसतं गोड मला तरी मिळमिळीत लागतं.

बटाटावडी: +१, बीट कोपऱ्यात वेगळं ठेव गं, सगळं लाल करतं

तव्यावरची: ओव्हन कशाला पेटवायचा? रताळ्याचे काप तुपावर, मंद आच, झाकण, मग गूळ-वेलची. उपवासालापण चालतात.

खादाडखाऊ: उपवासवाल्या एक काकू आहेतच, त्यांना काप करते. थँक्स!