मदत हवी आहे: एआय शिकवतो की नुसतं उत्तर देतो?

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. एम.एड. करतेय, घरी सहावी-सातवीच्या चार मुलांची शिकवणीही घेते. सेमिनारचा विषय आहे एआय आणि अध्ययनाचे सिद्धांत. इथे वर्गात सगळं हिंदीत चालतं, पण मला माझं टिपण आधी मराठीत काढायचंय, आणि तिथेच गाडी अडलीय.

परवाचीच गोष्ट. एकाने ३/४ + २/३ चॅटजीपीटीला विचारून वहीत झोकात १७/१२ लिहिलं. 'छेद बारा का रे घेतला?' म्हटलं, तर पेन्सिल चावत बसला. शेवटी पोळीचे तुकडे करून दाखवले तेव्हा कुठे 'अच्छा, ऐसा है!'

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की म्हणतो, मुलाला जे एकट्याने जमतं आणि जे जाणत्याच्या मदतीने जमतं, त्यामधल्या पट्ट्यात खरं शिकणं घडतं. वुड, ब्रूनर आणि रॉस या संशोधकांनी १९७६ मध्ये या मदतीला परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहिली की परांची उतरवायची. चॅटबॉट ती उतरवतो कधी? त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ स्किनरचं १९५० च्या दशकातलं शिकवणारं यंत्र बरं, मुलाकडून आधी उत्तर लिहून तरी घ्यायचं!

तर दोन गोष्टी हव्यात. 'झोन ऑफ प्रॉक्झिमल डेव्हलपमेंट'ला, म्हणजे वायगॉट्स्कीच्या त्या मधल्या पट्ट्याला, तुमच्याकडे मराठीत कोणता शब्द रुळलाय? आणि चॅटबॉटने उत्तर न देता उलट प्रश्न विचारावेत म्हणून कुणी सूचना लिहून वर्गात वापरल्यात का? असतील तर जशाच्या तशा इथे टाका, हिंदीत असल्या तरी चालतील. सेमिनार बुधवारी आहे.