थंडीतलं संमेलन आणि मांडवाबाहेरचं सगळं: तुमचे अनुभव

साहित्य संमेलनाचे वृत्तांत पेपरात येतातच, इथे ते नकोत. थंडीत कंपू करून परगावी संमेलनाला गेलात, तेव्हा काय काय गंमत (आणि फजिती) झाली ते खाली प्रतिसादात लिहा. सुरुवात मी करते.

दिल्ली, फेब्रुवारी २०२५. पुण्याहून आम्ही चौघी. जो तो सांगत होता, दिल्लीची थंडी म्हणजे विचारू नका! म्हणून मी आजीची जाडजूड शाल घेतली. पोचलो तर लख्ख ऊन. तालकटोरा स्टेडियममध्ये ती शाल खांद्यावर टाकून मी सत्कारमूर्तीसारखी हिंडत होते. एका काकांनी थांबवून विचारलंच, "कसला पुरस्कार?"

थंडी भेटली ती पहाटे, पहाडगंजच्या लॉजवर. गीझर बंद, एक बादली गरम पाणी, चौघींत चिठ्ठ्या. उद्घाटन विज्ञान भवनात होतं, आमच्याकडे पास नव्हते. मग अध्यक्ष ताराबाई भवाळकरांचं भाषण छोले-भटुऱ्यांवर एका फोनभोवती चार डोकी घालून ऐकलं. ९८ संमेलनांत महिला अध्यक्ष फक्त सहा, यावर बिल येईपर्यंत भांडलो. कुणाशी ते विचारू नका, चौघींचं मत एकच होतं.

गोदाकाठ
नाशिक, डिसेंबर २०२१. अवकाळी पाऊस, आडगावला चिखल, तोंडाला मास्क. मैत्रीण फक्त अध्यक्षांसाठी मुंबईहून आलेली, आणि नारळीकर सर तब्येतीमुळे येऊच शकले नाहीत. सहीसाठी आणलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघालं नाही. मिसळ मात्र दोनदा झाली.

वऱ्हाडी ठेचा
यवतमाळ, जानेवारी २०१९. उद्घाटनाला बोलावलेल्या इंग्रजी लेखिका नयनतारा सहगलांचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं आणि आमच्या पाच जणांत फूट पडली. दोघांनी तिकिटं रद्द केली, तिघं गेलो. उद्घाटनाला काही बाया सहगलांचे मुखवटे लावून बसलेल्या. अध्यक्ष अरुणा ढेऱ्यांनी भाषणात हे चुकलंच असं सांगितलं, तेव्हा वाटलं बरं झालं आलो. बहिष्कारवाल्या दोघांनी पुस्तकांची यादी तेवढी न चुकता पाठवली! सवलतीत मिळतात ना. ती पिशवी एसटीत रात्रभर माझ्या मांडीवर. पैसे एकानंच दिले.

सोलापुरी चादर
उस्मानाबाद, जानेवारी २०२०. (धाराशिव अजून तोंडात बसत नाही.) सोलापुरातनं दोन गाड्यांवर तिघं भल्या पहाटे निघालो. तुळजापूरच्या घाटात बोटं हँडलला चिकटल्यागत झाली. मुक्काम मित्राच्या मावशीकडं. मित्राचा कविकट्ट्यावर नंबर होता, पण मावशी म्हणाली, "कविता कुठं पळून चालली? हुरडा पळतो."

शेतात गेलो. शेणीच्या आरात कणसं खुपसलेली. मावशी भाजलेलं कणीस तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि हिरवेगार दाणे आमच्या ओंजळीत. वर शेंगदाण्याची चटणी, दही. उठवेचना. पोचलो तेव्हा याचं नाव पुकारून झालेलं, पण कट्टाच एवढा रेंगाळला होता की शेवटी सोडलं. गडी उभा राहिला, कागद उलगडला, तर त्यावर काळ्या बोटांचे ठसे. दुसरं कडवं वाचताच येईना. त्यानं ते गाळलं. टाळ्या पडल्या. मावशी मला हळूच म्हणाली, "आखूड केली, बरं केलं."

धागाकर्ती
चादर, यंदा मावशींकडे हुरड्याला कधी जायचं? शाल आहे माझ्याकडे.